दिवेलागणीला रस्त्यावर उभा राहणारा माणूस

इलाहीचाचा गिऱ्हाइकाला दुकानात कापड निवडू द्यायचे नाहीत.

दुकान माझं. सांगलीत विश्रामबागेत, खिडक्यांच्या पडद्यांचं. नमुन्यांची जाडजूड पुस्तकंही माझीच. पण एखाद्या बाईंनी पुस्तकातल्या तुकड्यावर बोट ठेवून "हेच द्या" म्हटलं की मागच्या स्टुलावरून, पडदे शिवणाऱ्या चाचांचा आवाज यायचा, "वैनी, हितं ट्यूबलाईट हाय. ऊन तुमच्या खिडकीत हाय. घरी येतो."

बाईंना घाई असायची, मला तर जास्तच. चाचांना कधीच नसायची. ते मोपेडवरून जायचे, खांद्याला खाकी पिशवी, गळ्यात टेप, खिशाला ओळीनं टाचण्या. घरी गेल्यावर आधी पाणी मागायचे आणि मग विचारायचे, "दिवसाचं कोण असतं घरात? कुठं बसतं?" ज्या खुर्चीवर ते माणूस बसायचं त्याच खुर्चीवर जाऊन बसायचे. आजीचा पाट असला तर पाटावर. तिथून खिडकीकडं बघत राहायचे. माप नंतर.

हे सगळं दुपारचं. मग "सांजच्याला येतो" म्हणून निघायचे आणि दिवेलागणीला खरंच परत यायचे.

आम्ही विकतो ते कापड म्हणजे बारीक जाळी असते. तिचा गुंडाळीचा पडदा होतो, साखळी ओढली की खाली-वर जाणारा. जाळी किती मोकळी त्यावर तिचे टक्के. दहा टक्क्यांची मोकळी, तीन टक्क्यांची घट्ट. घट्ट जाळी ऊन जास्त अडवते, पण बाहेरचं कमी दाखवते. रंगाचंही तसंच. पांढरं कापड ऊन परतवतं, पण स्वतःच इतकं उजळतं की त्यातून पलीकडचं धड दिसत नाही. काळ्यातून नजर आरपार जाते. हे तक्ते मला पाठ आहेत. चाचांचं एकच म्हणणं होतं, की दिवसा बाहेर उजेड आणि घरात सावली, म्हणून आतल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. घरात दिवा लागला की सगळं उलटं होतं. "तेच कापड, तीच खिडकी," ते म्हणायचे. "फकस्त दिवा कुणाकडं हाय ते बघायचं."

म्हणून त्यांनी बोटं मोजायची पद्धत काढली होती. संध्याकाळी दिवा लागला की खिडकीत नमुन्याचा मोठा तुकडा टांगायचा, घरमालकाला रस्त्यावर उभं करायचं आणि आपण आत दिव्याखाली बसून हात वर करायचा. "किती बोटं?" रस्त्यावरून आकडा बरोबर आला की ते कापड एकटं चालायचं नाही. मग जाळीच्या मागं दुसरी गुंडाळी, जाड कापडाची. दिवसा जाळी, दिवा लागायच्या आधी जाड.

मी कमी बोलणारा माणूस आहे. जे सांगायला बसलोय ते बायकोलाही सांगितलेलं नाही. पण चाचा कसे होते ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही, म्हणून आधी त्यांचंच सांगतो.

कॉलेजात शिकवणारे एक सर होते, पश्चिमेची खिडकी. सोफा पांढरा, म्हणून पडदा पांढराच हवा. चाचांनी काही वाद घातला नाही. खिडकीच्या एका अंगाला पांढरा तुकडा लावला, दुसऱ्या अंगाला काळा.

"सर, पांढऱ्यातून बघून सांगा, आंब्यावर काय बसलंय?"

सरांनी डोळे बारीक केले. "काही नाही."

"आता काळ्यातून."

सर खिडकीशी वाकले. मग म्हणाले, "भारद्वाज आहे." आणि लगेच, "पण काळा पडदा? घरात?"

"खिशातला गॉगल कंच्या रंगाचा हाय, सर?"

सरांच्या बायको स्वयंपाकघरातून हसल्या. पडदा काळा झाला. पुढं सर दुकानात आले की चाचांना सांगायचे, आज काय काय बसलं होतं. चाचांना पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, पण मान डोलवत ऐकायचे.

दुसरे होते कुपवाडचे एक कारखानदार. त्यांची केबिन वरच्या मजल्यावर, काचेची, खाली सगळी यंत्रं. ते म्हणाले, "मला कामगार दिसले पाहिजेत, मी कामगारांना दिसता कामा नये. चोवीस तास."

"मग मालक, अंधारात बसावं लागंल."

"म्हणजे?"

चाचांनी त्यांना खाली नेऊन यंत्रांजवळ उभं केलं. खालचे दिवे मंद होते, दुसरी पाळी नुकतीच लागत होती. मग वर जाऊन चाचांनी केबिनचा दिवा लावला, मालकांच्या फिरत्या खुर्चीत बसले, टेबलावर पाय टाकले आणि हात वर केला. खालून एक कामगार म्हणाला, "चार." दुसरा म्हणाला, "आंगठा धरला तर पाच." मालकांनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग वर बघितलं. खाली आल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "रोज दुपारी दोनला तुमी डुलक्या घेता ते ह्यास्नी दिसत न्हाई. पण सांजच्या सातला घेता ते दिसतं." त्या केबिनला जाड गुंडाळीही लागली.

रमजानात ह्या पद्धतीची पंचाईत व्हायची. बोटं मोजायची वेळ आणि रोजा सोडायची वेळ एकच. मी म्हणायचो, "चाचा, महिनाभर संध्याकाळचं राहू दे." ते म्हणायचे, "गिऱ्हाईक काय महिनाभर दिवा लावणार न्हाई व्हय?" खिशात तीन खजूर घेऊन जायचे. एकदा एका वकिलीणबाईंकडं बोटं मोजता मोजता अजान झाली. बाई रस्त्यावर उभ्या, चाचा आत दिव्याखाली. बाईंना बाहेरून दिसलं, की ह्या म्हाताऱ्यानं एक हात तसाच वर ठेवलाय आणि दुसऱ्या हातानं खजूर तोंडात टाकतोय. त्या धावत आत आल्या, पाणी दिलं, म्हणाल्या, "अहो, सांगायचंत तरी." चाचा पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "खजूर दिसला?" "दिसला." "मग हे कापड न्हाई चालायचं."

असे होते. गोड नव्हते. त्यांच्या कात्रीला मी हात लावलेला चालायचा नाही. शिकलगाराचं घर, पिढ्यान् पिढ्या धार लावणारं. एकदा मी त्या कात्रीनं पार्सलची दोरी कापली, तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "धार गेली की कात्रीला कळत न्हाई गड्या, कापडाला कळतं." मोबाईलवर खिडकीचा फोटो पाठवून 'कुठलं कापड लावू' विचारणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "फोटूत उनाचा चटका लागतो व्हय?" असं म्हणून फोन मला परत द्यायचे, उलटा धरून.

आता माझं.

पाच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर प्रवास बंद सांगितला. त्याच आठवड्यात फलटणचं एक काम आलं. निवृत्त सुभेदार, जगताप. त्यांच्या सुनेचं माहेर विश्रामबागचं, आमचं जुनं गिऱ्हाईक. मुलगा फौजेत, बायकोमुलांसह लांब पोस्टिंगवर. सुभेदार एकटेच, गावाबाहेर रस्त्याकडेच्या घरात. स्वयंपाकाला सकाळी एक बाई यायच्या, तेवढंच माणूस.

चाचांनी मला त्यांच्या कुपवाडच्या शिवणाच्या गाळ्यात बसवून नीट समजावलं. हिरव्या पट्टीखालून एका डोळ्यानं बघत म्हणाले, "काळं पाच टक्के घेऊन जा, तीन टक्के घेऊन जा. त्यांना कुठलं आवडतंय बघ. पण सांजपतोर थांब. रस्त्यावर जा. बोटं मोज. मग मला सांग."

मी गेलो. सुभेदार दारातच उभे, ताठ, कडक इस्त्रीचा शर्ट. आत जाताना उजव्या पायाचा हलका खटका ऐकू आला. त्यांनीच सांगितलं, गुडघ्याखाली पाय नाही, खोटा आहे. "लढाईत न्हाई गेला. रिटायर झाल्यावर, उसाच्या ट्रॉलीखाली. लढाईत गेला असता तर दाखवत फिरलो असतो."

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. पाय दिवसभर घालतो, संध्याकाळी घालवत नाही. जखम होते. दिवस मावळला की पाय काढून ठेवायचा आणि घरातल्या घरात बसून सरकत जायचं. कुबड्या घेऊन दोनदा पडले होते. "मला दिवसभर रस्ता दिसला पायजे. माझा ऊस दिसला पायजे. मी मातर कुणाला दिसायला नको. तेवढी एकच डिमांड हाय."

मी काळा पाच टक्क्यांचा तुकडा लावला. ते खुर्चीवर बसून बघत राहिले. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं ऊस. म्हणाले, "जाळी हाय असं वाटंना." मग मी त्यांना हात धरून बाहेर नेलं, रस्त्यावरून खिडकी दाखवली. दुपारचे अडीच. खिडकी काळी कुळकुळीत, आतलं काही दिसत नव्हतं. सुभेदारांनी दोनदा खात्री केली. "बास. हेच."

मी चार वाजता निघालो.

का निघालो ह्याचं कारण मी पुष्कळ शोधलं. घरी कुणी आजारी नव्हतं, रस्त्यात कुठलं काम नव्हतं. सांगलीला पोचायला तीन-साडेतीन तास, दिवेलागणीपर्यंत तीन तास त्या माणसासमोर बसून काढायचे, काय बोलायचं त्यांच्याशी. मला कंटाळा आला होता. एवढंच आहे ते. कारण मोठं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी विचारलं, "बोटं मोजली?"

मी म्हणालो, "मोजली. एकही दिसलं नाही."

"काळं पाच टक्के, आत दिवा, आन दिसलं न्हाई? रस्ता किती लांब हाय?"

"चांगला लांब आहे. पन्नास-साठ पावलं असेल."

"असंल मग," ते म्हणाले. पण सहज नाही म्हणाले. पट्टी नसलेला डोळा कापडाच्या गठ्ठ्याकडं लावून बसले होते. इतक्या वर्षांत त्यांना जे कळलं होतं ते एका बाजूला आणि माझा शब्द दुसऱ्या बाजूला. त्यांनी माझा शब्द घेतला. पडदा एकेरी शिवला. मी तो नेऊन बसवला, तेही दुपारीच. दुसऱ्यांदा थांबता आलं असतं. तेव्हाही थांबलो नाही. एकदा खोटं बोलून झाल्यावर ते खोटं आहे का ते बघायची हिंमत होईना, असं आता वाटतं. तेव्हा असं काही वाटल्याचं आठवत नाही.

दोन महिन्यांनी सुभेदारांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ज्यानं कापड ठरवलं त्याला घेऊन या. दुपारी नको, सांजच्याला या."

चाचांचा डोळा बरा झाला होता. आम्ही दोघं गेलो. सुभेदारांनी चहा विचारला नाही. कसं कळलं ते सांगितलं. रोज संध्याकाळी दूध घालायला जाणारा एक शेतकरी, भला माणूस, त्यांना रस्त्यात भेटला आणि कळवळून म्हणाला, "आवं सुभेदार, लय हाल हुत्यात तुमचं. सरकत सरकत जाता, बघवत न्हाई. आमी रोज बघतो की समदी. एक चाकाची खुर्ची बघू का तुमच्यासाठी?"

"समदी," सुभेदार म्हणाले. "रोज. दोन म्हैनं."

मग त्यांनी आम्हाला रस्त्यावर पाठवलं. अंधारू लागलं होतं. आत ट्यूब लागली आणि खिडकी सिनेमाच्या पडद्यासारखी उजळली. सुभेदार खाटेवर बसले, खोटा पाय सोडला, भिंतीला टेकवून ठेवला, खाली उतरले आणि दोन्ही हातांवर जोर देत मोरीपर्यंत सरकत गेले. तिथून परत आले. आम्ही बघतोय हे त्यांना माहीत होतं. बघावं म्हणूनच ते करत होते. मला मान खाली घालायची होती, पण चाचा बघत होते म्हणून मीही बघितलं.

रस्त्यानं दोन सायकलवाले गेले. त्यांनीही सवयीनं तिकडं बघितलं.

मग चाचा खिडकीशी गेले आणि तिथून रस्त्यापर्यंत चालत आले. सरळ, सारख्या टांगा टाकत. ओठ हलत होते. पंधरा पावलं. मीही मोजली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडं बघितलं का, हे मला आजही सांगता येत नाही, कारण तेवढ्यापुरती मी मान खाली घातलीच.

आत गेल्यावर सुभेदारांनी विचारलं, "कापड कुणी ठरवलं?"

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय.

चाचा म्हणाले, "मी ठरवलं, साहेब. चूक माझी."

"तुमी हितं आला न्हवता."

"न्हवतो. न येता ठरवलं, हीच चूक."

सुभेदार त्यांना बरंच बोलले. फौजेतलं बोलणं, मोजून. "डोळं गेल्यालं असतील तर धंदा बंद करा, मिस्त्री." चाचांनी ऐकून घेतलं. मी शेजारी उभा होतो, टेप हातात गुंडाळत.

आठ दिवसांत चाचांनी जाड गुंडाळी शिवली आणि एसटीनं एकटेच जाऊन बसवून आले. मला नंतर कळलं की तिची साखळी त्यांनी जमिनीपर्यंत लांब ठेवली होती. पाय काढून खाली बसलेल्या माणसाचा हात जिथं पोचेल तिथपर्यंत. हे मला सुचलं नसतं. मला त्या माणसाचा हात कुठवर पोचतो हे बघायचंच सुचलं नव्हतं.

पण सुभेदारांनी तो जाड पडदा दिवसाही खाली ठेवला. सकाळपासून. हे सुनेच्या माहेरून कळलं. रस्ता नको, ऊस नको, कुणी नको.

त्या संध्याकाळी, सुभेदारांकडून दोघं परत येताना गाडीत चाचा काय बोलले ते मी कितीदा आठवून बघितलंय. दहिवडीच्या पुढं चहाला थांबलो. त्यांनी भजी मागवली आणि अर्धी माझ्या पुढ्यात सरकवली. नंतर गाडीत म्हणाले, "खिडक्या लय फशिवत्यात." एवढंच. हे मला म्हणाले की खिडक्यांना, कुणास ठाऊक. पुढं दोन वर्षं ते माझ्याबरोबर काम करत राहिले. माझ्याशी तसेच बोलायचे, तसेच चिडायचे. एक बदल मात्र झाला. "बोटं मोजली?" असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. लांबचं काम असलं तरी स्वतः जायचे, गुडघे दुखत असताना जायचे. एकदा एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, "तुमचे चाचा परवा आमच्या रस्त्यावर उभे होते आणि काल पुन्हा उभे होते. काही राहिलंय का?" काही राहिलं नव्हतं. मग दोनदा का? त्यांना माझी खात्री वाटेनाशी झाली होती, की स्वतःच्या डोळ्यांची? खरं काय ते त्यांना कळलं होतं, का माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःलाच खोटं पाडलं होतं? पहिलं असेल तर ते गप्प का, आणि दुसरं असेल तर मी त्यांचं काय करून बसलो? दोन्हीपैकी कुठलं बरं, हेही मला ठरवता येत नव्हतं. आणि विचारायचं म्हणजे सांगावं लागणार होतं.

मग ते गाळा बंद करून साताऱ्याला मुलीकडं, शमाकडं राहायला गेले. मी सुटलो असं मला वाटलं. हेही लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दुकानात एक गृहस्थ आले. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्याकडं तो म्हातारा होता ना, चांगला कारागीर. पण शेवटी नजर गेली म्हणे. फलटणला कुणाचा तरी पार तमाशा करून ठेवला." मी कापड गुंडाळत होतो. "वय झालं की होतं," असं म्हणालो.

हे मी म्हणालो. चाचांना साताऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली, ते समोर नाहीत, कुणी मला विचारत नाही, आणि तरी मी ते म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याची एसटी धरली. गाडी घेतली नाही. आपली गाडी असली की माणूस कुठूनही मागं फिरतो.

शमाचं घर सदर बाजारात, पहिल्या मजल्यावर. चाचा खिडकीशी बसले होते, हातात शमाच्या मुलीचा फ्रॉक, बटण लावत होते. खिडकीला पडदा नव्हता, साधासुधाही नाही. मला बघून म्हणाले, "या मालक. वाट चुकलास व्हय?"

मी बसलो आणि सांगितलं. चार वाजता निघालो ते, बोटं मोजली नाहीत ते, पन्नास-साठ पावलं ते. आदल्या दिवशी दुकानात काय म्हणालो तेही सांगितलं. सांगून झालं तेव्हा त्यांचं बटण लावून झालं होतं. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"तुम्हाला माहीत होतं का, चाचा?"

"पंधरा पावलं हुती," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणलं. तिथंच बोलशील. मग म्हणलं गाडीत बोलशील. भजी खाताना बोलशील." त्यांनी फ्रॉकची घडी घातली. "मग इसरलो गड्या मी."

विसरले होते की नाही, मला कळलं नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी म्हणालो, "माफ करा."

"सुभेदाराकडं गेलतास?"

"नाही. आधी तुमच्याकडं आलो."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. "माझ्याकडं कशाला? माझं काय दिसलं? पाय त्याचा दिसला."

शमानं चहा आणला. तो त्यांनी मला पुरता पिऊ दिला नाही.

त्याच दिवशी मी फलटणला गेलो. तिथलं आधी सांगून टाकतो. दुपारचे तीन वाजले होते आणि जाड पडदा खाली होता. आत अंधार, टीव्ही चालू. सुभेदारांनी मला ओळखलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ते म्हणाले, "तो पडदा वर घ्या. तोंड बघू द्या तुमचं."

मी साखळी ओढली. ती खरंच जमिनीपर्यंत होती, वाकावं लागलं. सुभेदारांनी उजेडात माझं तोंड बघितलं. म्हणाले, "चार वरसं त्या मिस्त्रीला शिव्या घातल्या मी. रोज पडदा ओढताना. त्या आता परत कशा घेऊ?" त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी नुसतं "जावा" म्हटलं. दारातून मी विचारलं, "पडदा खाली करू का?"

ते खिडकीकडं बघत होते. समोर ऊस नव्हता, तोडणी झालेली. रिकामं रान होतं.

"ऱ्हाऊ द्या आत्ता," ते म्हणाले.

पुढं तो वर राहिला की मी वळल्यावर खाली आला, मला माहीत नाही. रस्त्यावरून मागं वळून बघायचं धैर्य झालं नाही. रात्री साताऱ्याला फोन लावला. शमा म्हणाली, अब्बा झोपलेत, सकाळी सांगते. सांगितलं असेल. पावसाळ्यात चाचा गेले.

म्हणजे त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्या दुपारी, सातारा स्टँडवर. शमा नको नको म्हणत असताना ते माझ्याबरोबर आले. रिक्षातून उतरल्यावर फलटणची गाडी त्यांनीच शोधली. मला खिडकीशी बसवलं आणि खाली उतरून कंडक्टरला गाठलं. कंडक्टर पोरगेला, हातात तिकिटाचं यंत्र. चाचांनी त्याच्या दंडाला धरलं.

"हे आमचं मालक हायत. ह्यास्नी फलटणला उतरवा."

"उतरवतो की चाचा. गाडी फलटणचीच हाय."

"तसं न्हवं. मधी कुठं उतरतो म्हणालं तर ऐकायचं न्हाई."

"का, बरं न्हाई व्हय त्यास्नी?"

चाचांनी वर माझ्याकडं बघितलं. थोडा विचार केला. "हुईल बरं," ते म्हणाले.

गाडी हलली. त्यांनी हात केला नाही. उन्हात उभे राहिले, टोपी जरा पुढं ओढून, गाडीकडं बघत. गाडी वळेपर्यंत ते तिथून हलले नव्हते.

वाठारला गाडी दहा मिनिटं थांबली. लोक चहाला उतरले. मीही उठलो. चहासाठीच उठलो होतो, असं वाटतं. समोर साताऱ्याकडं जाणारी गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात आडवा उभा राहिला.

"फलटण अजून लांब हाय, मालक. बसा. च्या मी आणतो."

मी बसलो.